एचबेस आठ महिने वापरल्यावर: सगळं रो कीवर अडतं

आठ महिने झाले आम्ही मीटर रीडिंगच्या डेटासाठी एचबेस (एकेका टेबलचा प्रचंड डेटा अनेक सर्व्हरवर वाटून ठेवणारा डेटाबेस) वापरतोय, रात्रंदिवस रायटिंग चालू असतं, आणि डेटाबेस चांगलाच आहे, पण रो की, म्हणजे प्रत्येक रो जिच्यावरून ओळखली आणि शोधली जाते ती किल्ली, चुकली तर काहीही कामाला येत नाही हे आम्ही चांगलंच भोगलंय म्हणून सविस्तर लिहितेय.

आमची पहिली की होती आधी टाइमस्टॅम्प, मग डिव्हाइस आयडी. दिसायला एकदम सरळ. पण एचबेस रो कीच्या बाइटच्या क्रमाने लावून ठेवतं, त्यामुळे आत्ता आलेलं प्रत्येक रीडिंग टेबलच्या शेपटाला, म्हणजे एकाच रीजनमध्ये (सलग कींचा टेबलचा एक तुकडा, तो एका सर्व्हरकडे असतो) जाऊन पडतं. मास्टरचं, म्हणजे बाकी सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रोसेसचं, पेज उघडलं तर सहा रीजन सर्व्हरपैकी एकावर रिक्वेस्टचा आकडा नुसता धावतोय आणि बाकीचे पाच शून्याच्या आसपास. दोन सर्व्हर वाढवले, काडीचा फरक नाही. रीजन स्प्लिट झाला तरी नवीन डेटा परत शेवटच्याच तुकड्यात. मेमस्टोअरची (डिस्कवर जाण्याआधी डेटा मेमरीत जमतो ती जागा) फ्लश साइझ 128 एमबीची 256 केली, ब्लॉक कॅश (वाचलेला डेटा मेमरीत ठेवणारा) हलवून बघितला, आठवडा गेला त्यात, आणि सगळा लोड झेलणारा गरम सर्व्हर गरमच.

शेवटी कीच बदलली. सुरुवातीला डिव्हाइस आयडीच्या हॅशवरून (आयडीवरून ठराविक पद्धतीने निघणारा आकडा) काढलेला बकेट, म्हणजे गटाचा नंबर, 0 ते 15, म्हणजे रायटिंग वेगवेगळ्या रीजनमध्ये पसरतं, मग आयडी, मग उलटा टाइमस्टॅम्प, म्हणजे लाँगच्या कमाल आकड्यातून वेळ वजा करून. उलटा अशासाठी की आम्हाला सारखं लागतं ते त्या मीटरचं शेवटचं रीडिंग, आता त्या आयडीवर स्कॅन लावला की पहिलीच रो ती मिळते. बकेट नंबर रँडम घेऊ नका, अगदी कळकळीने सांगते, रँडम घेतला की वाचताना रो कुठल्या बकेटमध्ये आहे ते कळत नाही आणि सोळाही बकेट धुंडाळत बसावं लागतं. आणि टेबल बनवतानाच प्री-स्प्लिट करा, म्हणजे आधीच त्याचे अनेक रीजन पाडून ठेवा, नाहीतर ते एकाच रीजनने सुरू होतं.

तोटाही आहे. 'गेल्या तासात सगळ्या मीटरवर काय झालं' हे विचारायचं तर या कीने जवळपास अख्खं टेबल वाचावं लागतं, त्यासाठी आम्ही तासाप्रमाणे की असलेलं वेगळं टेबल ठेवलंय, लिहिणं दुप्पट झालं पण चालतंय.

अजून एक, प्रत्येक सेलबरोबर पूर्ण की, कॉलम फॅमिली (कॉलमचा गट) आणि कॉलमचं नाव साठवलं जातं. आमचा आयडी 36 अक्षरी टेक्स्ट होता, तो 16 बाइटचा केला, फॅमिलीचं नाव एका अक्षराचं ठेवलं, फास्ट डिफ एन्कोडिंग (आधीच्या कीशी सारखा असलेला भाग परत न साठवणारं) लावलं, डिस्कवर फरक लगेच दिसला. आकडे टेक्स्ट म्हणून कीमध्ये टाकत असाल तर पुढे शून्य भरा, नाहीतर 10 हा 9 च्या आधी येतो.

जॉइन (दोन टेबल जोडून वाचणं) किंवा तयार सेकंडरी इंडेक्स (रो कीऐवजी दुसऱ्या कॉलमवरून शोधायची सोय) पाहिजे असेल तर हे घेऊच नका. आणि घेणार असाल तर टेबल बनवायच्या आधी रोज वाचणार काय ते कागदावर लिहून काढा, कारण रोची की नंतर बदलता येत नाही, सगळा डेटा नवीन टेबलमध्ये परत लिहावा लागतो, आम्हाला त्यालाच तीन आठवडे लागले.