चिनी मातीची दोन लिटरची बरणी: लोणच्यासाठी हीच घ्या

पांढरं अंग, तपकिरी गळा. आठवडी बाजारात दिसली आणि लगेच घेतली. एकदाच काय तो खर्च. नीट सांभाळली तर लेकीसुनाही हिच्यात लोणचं घालतील.

कैरीचं लोणचं वर्षभर मुरलं तरी बरणीला हिंग-मोहरीचा वास धरत नाही. प्लॅस्टिकचा डबा कितीही घासा, वास राहतोच. मीठ आणि आंबट रस धातूला खातात, हिच्या झिलईला काही होत नाही. शिवाय आत उजेड जात नाही.

घेताना बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजली तर घ्या; आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा गेलाय. आतून हात फिरवा, झिलई उडालेली असेल तिथून तेल-मीठ झिरपतं. झिलईत शिसं नाही ना, हे जरूर विचारा, कारण आंबट पदार्थात ते उतरू शकतं.

झाकण घट्ट बसत नाही, एवढी एकच उणीव. म्हणून वर दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधायचा. मी जुन्या सुती साडीचे गोल कापले, कडेला नेफा शिवला, नाडी ओवली. खर्च फक्त दोऱ्याचा, आणि इरकली काठाचा दादरा फळीवर काय शोभतो!

भरण्याआधी बरणी कडक उन्हात वाळवा, तेल फोडींच्या वर बोटभर राहू द्या. भरल्यावर ती चांगलीच जड होते, तेव्हा खालच्याच फळीवर ठेवा.