कपडे धुणं गरज, भांडी घासणं चैन?

घरी बसून दुकानदारांची जीएसटी रिटर्नं भरते, त्यामुळे बिल हातात आलं की नजर आधी कराच्या रकान्याकडे जाते. वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर जुलै 2018 मध्येच 28 वरून 18 टक्क्यांवर आले. डिशवॉशर मात्र 28 वरच. म्हणजे कपडे धुणं गरज आणि भांडी घासणं चैन! हे ठरवणाऱ्यांनी गौरीजेवणानंतरची मोरी पाहिली नसावी. 22 सप्टेंबर 2025 पासून तोही 18 वर आला आणि मी दुकान गाठलं.

मूळ किंमत 31,250. आधी 40,000 ला पडायचा, आता 36,875. पण ऑगस्टमध्ये दुकानदार देत होता ती 2,000 ची सूट या वेळी गायब. "मॅडम, आता सरकारनेच दिली ना!" म्हणजे हाती लागले 1,125.

ताटं, डबे, कुकरची भांडी लखलखीत निघतात. वरण करपलेलं पातेलं भिजवून 70 अंशांवर लावलं तर साफ होतं, दूध लागलेलं होत नाही. वाट्या तिरक्या लावायच्या, नाहीतर उलटतात आणि गढूळ पाणी भरून बसतात. हिंडालियमची कढई पहिल्याच दिवशी काळी ठिक्कर पडली, बोट लावलं तर बोटही काळं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यामुळे ते मऊ करायला मशीनमध्ये घालायचं मीठ भराभर संपतं.

भांड्यांचे मावशी महिन्याला 1,500 घ्यायच्या, त्यावर कसला जीएसटी! नुसत्या पैशांत बघितलं तर मशीनचे पैसे वसूल व्हायला दोन वर्षं, पावडर धरली तर आणखी जास्त. तिच्यावर अजून 18 टक्केच आहे. पण मावशींना सोडलं नाही. त्याच पैशांत आता पोळ्या करतात. म्हणाल्या, "बरं झालं ताई, हाताच्या भेगा तरी भरतील."

मला संध्याकाळचा तास सुटला, त्यात आणखी दोन दुकानांच्या रिटर्नचं काम घेतलं. मोरीत घालवलेल्या तासावर कर नसतो, कमावलेल्यावर असतो. पण प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत वर्षाला 12 लाखांपर्यंत कर शून्य आणि मी त्याच्या कितीतरी आत, म्हणून जमलं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कढईचा कापला, एक त्या 2,000 चा. मशीनचा त्यात काही दोष नाही, तरी कापलाच.