मांडवीकाठी एक दिवस: जुने गोवे की दिवाडी?

पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. जुने गोवे सोयीचे: पणजीहून रायबंदरमार्गे नदीला लागूनच रस्ता, बसेस भरपूर. बाँ जेझू बासिलिका आणि समोरचे से कॅथेड्रल चालत बघून होते. बासिलिकेचा गिलावा नसलेला उघडा जांभा जवळ जाऊन बघा, खडबडीत आणि तांबूस. सुट्टीच्या दिवशी मात्र नुसती रेटारेटी.

दिवाडी हे मांडवीतले बेट; तिथे जायला जुन्या गोव्याच्याच धक्क्यावरून फेरीबोट. पलीकडे उतरले की खाजणशेती (खारे पाणी बांधाने अडवून केलेली शेती), बगळे आणि पियेदादच्या टेकडीवरून दिसणारे मांडवीचे पात्र. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या फेरीने तेही साधते. खाण्यापिण्याची सोय बेताचीच, पाणी बरोबर ठेवा.

पक्षीच बघायचे तर दोन्ही सोडा आणि रायबंदरहून चोडणला जा, सलीम अली अभयारण्यात. ओहोटीला खारफुटीच्या मुळांशी चिखलात उड्या मारणारे मासेही दिसतात.

बरोबर वयस्कर मंडळी असतील तर जुने गोवे. नाहीतर माझे मत दिवाडीलाच, त्यातही पावसाळा सरता सरता.