जुन्या सायफाय पिक्चरची मराठी कॉमेंट्री: फिजिक्सचे सर, नाटकवाले काका की आपणच?

साताऱ्यातला एक मित्र आणि त्याचा ग्रुप जुन्या सायफाय पिक्चरवर मराठी कॉमेंट्री रेकॉर्ड करणारेत, म्हणजे टीव्हीवर पिक्चर चालू आणि मोबाईलवर आपला माणूस त्यावर बोलतोय. माईकसमोर कुणाला बसवू असं विचारत होता. आम्ही सांगलीत हेच उद्योग मागच्या उन्हाळ्यात करून बसलोय, म्हणून जे झालं ते सांगतो, पटेल ते घ्या.

परदेशी पिक्चरच्या डिस्कवर अशी कॉमेंट्री बऱ्याचदा असते, आणि आधी सगळ्यांना वाटतं की ज्याने पिक्चर बनवला तोच भारी बोलणार. तसं काही नाही. 'टोटल रिकॉल'वर दिग्दर्शकासोबत आर्नोल्ड श्वार्झनेगर बसलाय आणि तो बराच वेळ पडद्यावर जे चाललंय तेच सांगतोय, अरे दिसतंय की राव आम्हाला! 'द थिंग'वर मात्र दिग्दर्शक जॉन कार्पेंटर आणि हिरो कर्ट रसेल नुसते गप्पा हाणत हसत बसलेत आणि ते ऐकायला जाम मजा येते. पण क्लासिक म्हणावं असं काही घेतलं तर बनवणारे बहुतेक गेलेलेच असतात, '2001: अ स्पेस ओडिसी'च्या डिस्कवर दिग्दर्शक कुब्रिक नाहीतच, त्यातले दोन नट बोलतात. आणि हा प्रकार सुरूच मुळी बाहेरच्या माणसापासून झालाय, 1933 चा 'किंग काँग', 1984 साली लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) आला तेव्हा त्यावर रोनाल्ड हेव्हर नावाचे सिनेमाचे इतिहासकार बोलले होते. त्यामुळे आपला माणूस सांगली-साताऱ्यातला असला तर बिघडत काय नाही.

आमचा पहिला प्रयोग रिटायर झालेल्या फिजिक्सच्या सरांवर. '2001' लावला. त्यात ते गोल फिरणारं चाक आहे ना ज्यात माणूस आतल्या बाजूने पळतो, तो सेट खरोखर फिरणारा होता आणि 38 फूट व्यासाचा. सरांनी पॉज करायला लावला, बॉलपेनने पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं आणि म्हणाले एवढ्या चाकात चंद्रावर जाणवतं तेवढं वजन जाणवायला मिनिटाला पाच फेऱ्या लागतील आणि पृथ्वीवरच्याएवढं हवं असेल तर बारा, शिवाय चाक एवढं छोटं की पायाला जेवढा ओढा तेवढा डोक्याला नाही, पोटात ढवळणार. मी हा सीन दहा वेळा तरी बघितला असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! पण सरांना थांबणं माहीत नाही. गणित संपेपर्यंत पिक्चर पुढे गेलेला, आणि जिथे बाहेर अंतराळात फक्त श्वास ऐकू येतो, तिथे आमच्या रेकॉर्डिंगमध्ये सरांचं केंद्रगामी बल चालूय. वर चुका काढायची सवय. 1902 च्या 'अ ट्रिप टू द मून'मध्ये तोफेतून माणसं उडवलीत म्हटल्यावर सर पाच मिनिटं त्यांचा चेंदामेंदा कसा होईल तेच सांगत होते, पिक्चरच जेमतेम पंधरा मिनिटांचा.

मग काका. हौशी नाटकांना तीस वर्षं साउंड दिलेला माणूस, सायफायची आवड अजिबात नाही. त्यांना 1956 चा 'फॉरबिडन प्लॅनेट' दाखवला, त्यात सगळं संगीत इलेक्ट्रॉनिक आहे, लुईस आणि बीबी बॅरन या नवराबायकोने स्वतः सर्किटं जोडून केलेलं, आणि पडद्यावरच्या नावांमध्ये त्याला म्युझिक म्हटलेलंच नाही, इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज असं लिहिलंय. काकांना एवढी माहिती मी दिली. रेकॉर्डिंगला त्यांनी ती दोन वाक्यात सांगितली, मग म्हणाले 'आता हा आवाज ऐका, हा वाद्याचा नाही,' आणि गप्प. चांगला अर्धा मिनिट गप्प. पुन्हा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या सांगलीत 1843 ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं त्यात सूत्रधार पद्यात गोष्ट सांगायचा आणि मग पात्रं बोलायची, काका म्हणतात कॉमेंट्री म्हणजे तेच काम आहे, पात्र आलं की आपण बाजूला व्हायचं.

तिसरा पर्याय म्हणजे आपणच, फॅन लोक. माहिती भरपूर, उत्साह भरपूर. पण मिनिटाला शंभर शब्द धरा, दोन तासांचा पिक्चर म्हणजे बारा हजार शब्द लिहून काढायचे, मी चाळीस मिनिटांपर्यंत लिहिलं आणि वाचलं तर आकाशवाणीवरचे बाजारभाव.

तर माझं मत विचारशील तर काकांना माईक दे, सरांना शेजारी बसव, आणि फॅनने माहितीचे कागद पुरवायचे. जोडी जमते हे 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'वर ऐक, रॉबर्ट वाइझसोबत निकोलस मेयर बसलाय, म्हणजे दिग्दर्शकच दिग्दर्शकाला प्रश्न विचारतोय. फक्त एकच माणूस मिळत असेल तर काका. पिक्चर '2001' असेल तर मात्र सरांना सोडू नकोस, फक्त गणित आधी घरी करून आणायला सांग.

अजून एक, यात आमचे दोन रविवार गेले. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमचा, पण पाल सिस्टीमची (आपल्याकडच्या आणि युरोपातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडी 25 ने पळते, म्हणजे दोन तासांचा पिक्चर जवळपास पाच मिनिटं आधी संपतो. एका मित्राने तसली डीव्हीडी लावली आणि शेवटी पडद्यावर नावं येतायत तरी काकांचं 'आता बघा' चालूच. तर सगळ्यांनी एकच कॉपी धरायची. खोलीत गाद्या लाव, पंखा बंद, कुकर रेकॉर्डिंग संपल्यावर. आणि सरांच्या हातात खटक्याचं बॉलपेन देऊ नकोस, पूर्ण '2001'भर टिकटिक येतेय आमच्याकडे.