फोटोवरून चिमण्या ओळखणारं अ‍ॅप: हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

पुण्यात असताना चिमणीच्या फोटोवर अडायची वेळ फारशी येत नसे. वस्तीत घरचिमणी, झाडीत पीतकंठी, आणि दोघींत गोंधळ होण्यासारखं काही नाही. नोकरीमुळे गुरुग्रामला आले आणि जवळच्या सुलतानपूर, बसई या पाणथळ जागांकडे पक्षी बघायला जाऊ लागले, तेव्हा सिंध चिमणीही यादीत आली. शिवाय हिवाळ्यात हरियाणात स्पॅनिश चिमण्या उतरतात. म्हणून फोटो टाकला की नाव सुचवणारं एक मोफत अ‍ॅप घेतलं.

विणीच्या रंगातला नर, बाजूने टिपलेला, सकाळच्या उजेडात असेल तर अ‍ॅप उत्तम काम करतं. स्पॅनिश नराचा तांबूस माथा आणि कुशीवरच्या ठळक काळ्या रेघा ते लगेच पकडतं. पावसाळा संपल्यावर मात्र अडखळतं. पिसं नुकतीच बदललेली असतात, त्यांच्या फिकट कडांखाली गळ्याचा काळा रंग झाकलेला असतो. वसंतापर्यंत त्या कडा झिजतात आणि तोच नर ठसठशीत दिसू लागतो. नोव्हेंबरच्या फोटोवर अ‍ॅपने दिलेलं नाव मी मार्चमध्ये त्याच जागी जाऊन पडताळते.

सिंध चिमणीसाठी माझं सांगणं एकच: पाठ टिपा. सगळे चेहऱ्यावर फोकस करतात. चेहराही कामाचा आहेच. सिंध नराच्या गळ्यावरचा काळा डाग अरुंद असतो आणि डोळ्यामागचा तांबूस पट्टा मानेमागे जुळत नाही. पण शेपटीच्या मुळाशी पाठ तांबूस दिसली तर सिंध, राखाडी असली तर घरचिमणी. बसलेल्या पक्ष्याचे पंख नेमका हाच भाग झाकतात, त्यामुळे पिसं साफ करताना किंवा उडताना बर्स्टवर (बटण दाबून ठेवून सलग) फोटो काढावे लागतात. असा फोटो दिला की अ‍ॅपचं उत्तरही सुधारतं.

रंगांवर आंधळा विश्वास नको. उतरत्या उन्हात राखाडी माथा तांबूस दिसतो. मोबाइलचं आपोआप होणारं 'सुधारणं' तर स्पॅनिश मादीच्या कुशीवरच्या पुसट रेघा गुळगुळीत करून टाकतं, आणि मादी ओळखायला तेवढाच काय तो आधार असतो! रॉ फाइल (कॅमेऱ्याने सुधारणा न केलेली मूळ प्रत) ठेवा.

उपजातीच्या बाबतीत अ‍ॅप गप्प बसतं, आणि ते योग्यच आहे. घरचिमणीच्या उपजातींपैकी १८३१ मध्ये वर्णन झालेली 'इंडिकस' आपली नेहमीची; युरोपातल्या घरचिमणीपेक्षा हिच्या नराचे गाल जास्त पांढरेशुभ्र. पण मध्य आशियात वीण करून हिवाळ्यात भारतात येणारी 'बॅक्ट्रियानस' तिच्यासारखीच दिसते. शेतातल्या थव्याच्या एका फोटोवरून कुणी ठामपणे 'बॅक्ट्रियानस' म्हणालं तर मी मानत नाही. मोजमापं हवीत, पक्षी हातात हवा. माझ्या नोंदीत मी 'घरचिमणी' एवढंच लिहिते. तारीख, जागा आणि पाठीचा फोटो मात्र न चुकता जोडते.

पाचपैकी साडेतीन. नरांसाठी चार, माद्यांसाठी दोन.