डायथायेन की सायनोहायड्रिन? असाइल अॅनायनसाठी काय निवडायचं

असाइल अॅनायन, म्हणजे कार्बोनिल (C=O) कार्बनवरच निगेटिव्ह चार्ज असलेला तुकडा, कुठे लागतो हे आधी ओळखायचं कसं ते बघा. टार्गेटमध्ये, म्हणजे जो रेणू बनवायचा त्यात, अल्फा-हायड्रॉक्सी कीटोन (कार्बोनिलच्या शेजारच्याच कार्बनवर ओएच) दिसला की दोन ऑक्सिजनवाल्या कार्बनांमधला बाँड कागदावर तोडा, एका बाजूला साधा अल्डिहाइड मिळतो आणि दुसरीकडे कार्बोनिल कार्बनवर निगेटिव्ह चार्ज येतो, जो कार्बोनिल कार्बनच्या स्वभावाच्या अगदी उलटा आहे, म्हणजे इथे असाइल अॅनायन इक्विव्हॅलंट, म्हणजे त्या अॅनायनचं काम करणारा दुसरा रेणू, लागणारच.

आता १,३-डायथायेन, म्हणजे दोन सल्फर असलेली सहा अणूंची रिंग, कोरी आणि सीबाख या केमिस्टांची १९६५ ची पद्धत. दोन सल्फर शेजारच्या कार्बनचा चार्ज सांभाळतात, पण प्रोटॉन काढायला ब्यूटिललिथियमसारखा तगडा बेस लागतो. याची खरी मजा म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या डायथायेनवर आधी एक अल्किल हॅलाइड लावा, मग दुसरा, आणि शेवटी सल्फर काढला की दोन्ही बाजू वेगळ्या असलेला कीटोन हातात. मला तरी हे फार सुंदर वाटतं! त्रास होतो तो सल्फर काढताना, जुन्या पद्धतीत मर्क्युरीचे क्षार लागतात, शिवाय प्रोपेनडायथायॉलचा वास भयंकर.

सायनोहायड्रिनमध्ये, म्हणजे एकाच कार्बनवर सायनो (CN) आणि ओएच असलेल्या रेणूत, चार्ज सायनो ग्रुप सांभाळतो, ओएच मात्र आधी झाकून घ्यायचा. बेंझाल्डिहाइडला टीएमएस (ट्रायमिथाइलसिलिल) सायनाइड लावा, म्हणजे ओएचच्या जागी सिलिलने झाकलेला ऑक्सिजन येतो, −७८ अंश सेल्सिअसला एलडीए हा तगडा बेस घाला, मग एथिल आयोडाइड, आणि सिलिल काढलं की सायनाइड आपोआप सुटून प्रोपिओफेनोन. मर्क्युरीची भानगडच नाही. पण सायनाइड आहे, त्यामुळे अॅसिड जवळ आणताना फ्यूम हूड आणि पूर्ण काळजी हवीच.

अॅरोमॅटिक अल्डिहाइड असेल तर मी सायनोहायड्रिनच घेईन, आणि कीटोन दोन हॅलाइडांपासून जोडायचा असेल तर डायथायेन.