गावरान कोंबडी की गिरिराज?

अंडी विकून दोन पैसे हवे असतील तर आकडे गिरिराज या सुधारित जातीच्या बाजूचे आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. गिरिराज, पोटभर खाऊ घातलं तर, १३० ते १५०. वजनही तिचंच जास्त.

तरी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी मी गावरानच ठेवायला सांगीन. ती खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. कोठ्यातल्या कोपऱ्यात टोपल्यात कुटार टाकून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, २१ दिवसांनी पिल्लं बाहेर. ना मशीन, ना लाइटची भानगड. मग ती आई अंगणभर पाय मारत माती उकरते, किडा सापडला की पिल्लांना बोलावून तो त्यांच्यापुढे टाकते. वर घार फिरली की तिचा आवाज एकदम बदलतो आणि सगळी पिल्लं पंखाखाली. बकऱ्यांच्या गव्हाणीखाली सांडलेली ज्वारीही तीच वेचते. गिरिराज खुडूक बसतच नाही म्हटलं तरी चालेल. पिल्लं दरवेळी विकतच आणावी लागतात.

भावातही गावरान अंडं वरचढ. लोक घरी विचारत येतात.

मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन दोघींनाही जड जातं. सावली आणि मातीच्या भांड्यात गार पाणी हवंच. राणीखेत रोगाची लस तर कोणतीही जात असो, चुकवू नका. पहिल्या आठवड्यातच लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात. हा रोग शिरला की अख्खं खुराडं रिकामं होतं.